शंकू, वाळू आणि मागचा बाक

मी फक्त दाराच्या बिजागरीला तेल घालायचं ठरवलं होतं, बाकी काही नाही. (आमच्या घरात मी काही ठरवलं की मुलगी आधी काचेचे पेले वरच्या फळीवर ठेवते.)

दाराचा आणि पुढच्या रामायणाचा संबंध सांगतो. आमच्या मंडळींनी चाळिशी उलटल्यावर मनावर घेतलं की माध्यमिक शाळेत गणित शिकवायचं. गणित आणि फक्त गणित! त्याचं वेगळं प्रमाणपत्र असतं. एक विषय धरायचा, मुळापासून घासायचा, लेखी परीक्षा द्यायची आणि शेवटी खऱ्याखुऱ्या वर्गात परीक्षकासमोर पाठ घ्यायचा. दिवसभर औषधांच्या दुकानात हिशेब करून ही बाई संध्याकाळी क्लासला जायची आणि पहाटे ओट्याशी उभी राहून प्रमेयं पुटपुटायची. लेखीत चक्क पहिली आली! खात्याच्या परीक्षेतून मी साहेबांच्या कृपेने कसाबसा सुटलोय, त्यामुळे मला तिचं भारी कौतुक. तोंडावर बोलत नाही एवढंच.

घोडं अडलं ते शेवटच्या पाठाला. पहिल्या खेपेला साधनं चोख, फळा चोख, मुलं शहाण्यासारखी माना डोलावतायत, आणि परीक्षकांना बघून हिची वाचाच बसली. नापास! आता एकच संधी उरली होती. कोपऱ्यावरच्या शाळेने गणिताची जागा हिच्यासाठी राखली होती, पण मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "प्रमाणपत्र आणा आणि रुजू व्हा. नाही मिळालं, तर माझाही नाइलाज आहे हो."

म्हणून घरात सराव सुरू झाला. विद्यार्थी दोन. नववीतली कन्या हुशार, म्हणून पुढच्या बाकावर. मी मागच्या.

"मागच्या बाकावरचे, लक्ष कुठे आहे?"

"अगं, चहा उतू—"

"अगं नाही, बाई म्हणायचं. आणि हात वर करून बोला."

पाठ होता शंकूचा. पुठ्ठ्याचा एक डबा आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा एक पिवळा शंकू. शंकूने तीन वेळा वाळू ओतली की डबा काठोकाठ भरतो, म्हणजे शंकू डब्याच्या एक तृतीयांश. किती सुंदर! मला हे शाळेत कुणी दाखवलंच नाही. (दाखवलं असेल. मी तेव्हाही मागेच होतो.) पण बाई रंगात आल्या की नेमकं ते दार कुरकुरायचं आणि त्यांचा धागा तुटायचा.

तर परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी ही क्लासला गेलेली असताना मी तेलाचा डबा काढला. बाटलीत थोडं ओतून घ्यावं म्हटलं, तर नरसाळं सापडेना. कपाटावर मात्र एक छानसं पिवळं नरसाळं दिसलं. टोकाला भोक नव्हतं, ते मी कात्रीने पाडलं. अगदी नखाएवढं.

"बाबा!" कन्या दारात उभी. "ते आईचं शैक्षणिक साधन आहे!"

"मग? साधन म्हणूनच वापरतोय ना?"

"बाबा, तो शंकू आहे. उद्याचा!"

मी हातात बघितलं. शंकू तेल पिऊन मान टाकून बसला होता.

"ओरडू नकोस. मी दुसरा करतो. माझा जन्म कागदांत गेलाय."

"कागद फायलीत लावण्यात गेलाय. मी करू का?"

"तू अभ्यास कर!"

पिवळा पुठ्ठा आणला. वाळूच्या डब्याची उंची मोजली, तेवढीच दोरी घेऊन पुठ्ठ्यावर गोलाची फाक आखली, कापली, गुंडाळली, तोंड डब्याच्या तोंडाशी जुळवलं आणि चिकटवलं. हुबेहूब! मी तो कपाटावर ठेवून दिला. तेल सांडून संपलं होतं, त्यामुळे दार तसंच कुरकुरत राहिलं.

सकाळी वाळूची पिशवी उचलायला हमाल हवा होता, म्हणून मी रजा टाकली. रस्त्यात सांगून टाकावं असं फार वाटलं.

"अगं, तो शंकू—"

"बाई म्हणा," ती म्हणाली. आणि पुन्हा पाठ पुटपुटू लागली. मग माझी हिंमतच झाली नाही.

परीक्षक चष्मा नाकावर ओढून बसलेले, चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती. पिशवीबरोबर मलाही वर्गात घेतलं आणि मागच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले.

पहिला शंकू ओतला. दुसरा ओतला. तिसरा ओतला, आणि डबा दोन बोटं रिकामा! मी ताडकन उभा राहिलो.

"चूक माझी आहे!"

वर्ग फिदीफिदी हसला. परीक्षकांचा चष्मा घसरला. मला वाटलं, संपलं. हिची जागा गेली, आणि तीही माझ्यामुळे.

"मागच्या बाकावरचे," बाई म्हणाल्या, "हात वर करून बोला. आणि आता खाली बसा."

मी बसलो.

"हे काका म्हणतात चूक त्यांची आहे. काय चुकलं असेल? या, शोधा बघू."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मुलं टेबलावर तुटून पडली. कुणी तोंडं जुळवली, कुणी शंकूत पट्टी उभी धरली. एक मुलगी ओरडली, "बाई, काकांनी उंची बाहेरून उतारावरून धरली! ती आतून सरळ मोजायची ना?"

"शाब्बास! या उताराला म्हणतात तिरकस उंची." आणि ही बाई जी सुटली! खडू थांबेना, जीभ अडखळेना. घंटा झाली तरी पोरं जागची हलेनात. माझी बायको आहे ती, असं शेजारच्या बाकाला सांगावंसं वाटत होतं.

परीक्षक उठून म्हणाले, "बाई, चुकीचं साधन मुद्दाम आणण्याची कल्पना अफलातून! आणि त्या ढ विद्यार्थ्याची भूमिका करणारे गृहस्थ तर फारच नैसर्गिक."

घरी येताना मी कान पकडले. ती हसली.

"मला सकाळीच कळलं होतं. डब्याशेजारी ठेवला तर शंकू बुटका! शिवाय कपाटाला तेलाचा वास."

"मग नवा का नाही केलास?"

"वेळ होता हो. पण गेल्या वेळी सगळं बरोबर घेऊन गेले होते, काय झालं? तुमच्या चुका काढताना मात्र मला घाबरायला सुचतच नाही."

ती पास झाली, रुजू झाली. माझा बुटका शंकू वर्गाच्या कपाटात मानाने ठेवलाय आणि त्या धड्याला दर वर्षी बाहेर निघतो, माझ्या गोष्टीसकट. परवा भाजी घेताना तिच्या वर्गातला एक मुलगा मला बघून आईला म्हणाला, "आई, ते बघ, तिरकस उंची!"

"असं बोलतात का मोठ्यांना?" आईने दटावलं. "काका म्हणावं."

मुलाने मला नीट नमस्कार केला आणि म्हणाला, "सॉरी हं, तिरकस काका."