बेंगळूर एकशे पंधरा

विजयश्रीचं गणित चुकत नाही, हे बिदरजवळच्या दुबलगुंडीत सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं पक्कं होतं. ती कडगंचीच्या विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि तिची आई कमलबाई ही बातमी वांगी निवडतानासुद्धा भाजीवालीला सांगायची.

धाकट्या दीपमालाला बेंगळूरचं स्थळ आलं. मुलगा तिला पसंत होता. म्हणजे अगदी जेवण सुटावं इतका पसंत! पण कमलबाईंची अट होती : लेक कलबुर्गीच्या पलीकडं द्यायची नाही.

"अक्का, कायतरी कर की!" दीपमाला रडकुंडीला आली.

"रस्त्यानं कामून मोजायचं? विमानानं मोजू!"

विजयश्रीनं बिदर आणि बेंगळूरच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश काढले, पृथ्वी गोल धरली आणि आकडे सूत्रात घातले. उत्तर आलं एकशे पंधरा किलोमीटर! तिला जरा कमी वाटलं. तिनं सूत्र तीनदा तपासलं. सूत्र बिनचूक होतं. मग शंका कसली?

"माय, बिदरहून कलबुर्गी जेवढी लांब, तेवढंच बेंगळूर!"

"व्हय? मग ही बसवाली माणसं आजवर आपल्याला फिरवायलीत म्हणा की!" कमलबाईंनी त्याच दिवशी सगळ्या गल्लीला आकडा ऐकवला आणि मुलाचं घर बघायला तिघी विमानात बसल्या.

अर्धा तास झाला. बेंगळूर येईना. कमलबाई खिडकीला नाक लावून बसल्या. आणखी थोडा वेळ गेला, आणि त्यांनी उभं राहून हवाई सुंदरीला हाक मारली.

"अक्का, तुमचा डायवर कामून फिरवायलाय?"

"अम्मा, आपण सरळच चाललोय."

"मला शिकवू नका! बिदरचा रिक्षावाला नव्या पाहुण्याला असाच किल्ल्याला वळसा घालून नेतोय. एकशे पंधरा किलोमीटरला एवढा वेळ? माझ्या लेकीनं मोजलंय! एम.एस्सी. करायलीय ती!"

सगळं विमान विजयश्रीकडं वळून बघू लागलं. मान ताठ ठेवून तिनं फोनमध्ये हिशोब पुन्हा उघडला. बिदर : अक्षांश सत्त्याहत्तर अंश उत्तर...

सत्त्याहत्तर उत्तर? तिथं तर बर्फ असतो! पांढरी अस्वलं असतात!

तिनं दोन्ही ठिकाणी अक्षांशाच्या जागी रेखांश घातले होते. आख्खं बिदर तिनं उत्तर ध्रुवाशेजारी नेऊन ठेवलं होतं आणि बेंगळूरही जवळच मांडलं होतं!

"माय, खाली बस," ती पुटपुटली. "माझंच चुकलं. सव्वापाचशे हाय."

कमलबाई मटकन बसल्या. दीपमालानं डोळे घट्ट मिटून घेतले. विमान उतरलं.

जिना उतरताना कमलबाईंनी वर सूर्याकडं पाहिलं. "न्याहारी करून निघालो, अन् अजून भूक लागंना. कलबुर्गीच्या बसला ह्यापेक्षा उशीर लागतोय." त्या दीपमालाकडं वळल्या. "रडू नगं. घर बरं असंल तर जमलं समज."

दीपमालानं भर विमानतळावर आईला मिठी मारली.

"अन् तू गं," कमलबाई विजयश्रीला म्हणाल्या, "गावात एकशे पंधराच सांगायचं. माझी लेक चुकत न्हाई!"

दीपमालाचं लग्न थाटात झालं. दुबलगुंडीत बेंगळूर अजूनही एकशे पंधरा किलोमीटरवरच आहे; आणि कुणी नवीन पाहुणा "ते कसं काय?" असं विचारू लागला, की विजयश्री चहा टाकायला आत जाते.