लीलावैनी आणि पोटातली वस्ती

अक्षर वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला सापडत नाहीत, हात थांबेल तिथे देते. घरात हे वाचणारं कोणी नाही म्हणूनच लिहायची हिंमत होते. तोंडाने मला चार माणसांत एक वाक्य धड बोलता येत नाही. आणि आमच्या शेजारची लीलावैनी चार माणसांत जे विचारते, ते कागदावर लिहायलाही मला लाज वाटते.

तरी लिहिते. लीलावैनी भेटली की राम राम नाही, बस नाही, पाणी नाही. पहिला प्रश्न, "झालं का आज?"

नवा माणूस म्हणतो, "हो, जेवण झालं."

"जेवण आत जाते जी. मी बाहेरचं इचारून राह्यली."

मावल्यात, आमच्या या सीमेवरच्या गावात, गल्लीला आता सवय झाली आहे. कोपऱ्यावरचा किराणावाला तेलुगू. वैनी दिसली की तो दुरूनच हात वर करतो, "अयिंदी अक्का, अयिंदी!" म्हणजे झालं. मगच वैनी साखर मागते. शाळेचे गुरुजी तिला पाहून गल्ली बदलतात, पण त्यांची बायको पाठोपाठ येऊन गुरुजींचं उत्तर सांगून जाते.

पलीकडच्या घरी इचोड्याहून मुलगी बघायला पाहुणे आले होते. मी आत पोहे भरत होते, दाराआड. वैनी पाणी घेऊन सरळ बैठकीत. सगळे मुलीला विचारत होते, शिवण येतं का, स्वयंपाक येतो का. वैनीनं मुलालाच विचारलं, "तुमचं रोज साफ होते का जी?"

मुलानं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे. मग बिचारा हळूच म्हणाला, "एक दिवसाआड."

"खरं बोलते पोरगं," वैनी मुलीच्या बापाला म्हणाली. "देऊन टाका."

दिली. आणि तो जावई सासुरवाडीला आला की आधी वैनीच्या ओट्यावर बसतो. माझे पोहे त्याच्या लक्षातही नाहीत.

हे मला सहन होत नाही. खरं तेच लिहिते. सगळी गल्ली तिच्या ओट्यावर, आणि माझ्या ओट्यावर वाळवणाच्या मिरच्या.

हे सगळं सुरू झालं नामदेवदादांच्या आजारापासून. दादा म्हणजे वैनीचे मालक. इचोड्याच्या रस्त्यावर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. ट्रकवाले उतरून त्यांचा हात बघायला थांबत. पातेलं डोक्याच्या वर, गिलास कमरेपाशी, आणि मधून चहाची धार. एक थेंब सांडत नसे. मग धार हलायला लागली. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग हात, मग चाल. कंपवात निघाला. हॉटेल दुसऱ्याला दिलं. आवाज बारीक झाला, चेहरा गप्प झाला. आता ते दारात खुर्चीवर बसतात आणि वैनी बोलते.

नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. पोटात कोट्यवधी जिवाणू राहतात. रोगाशी लढणारे आपल्या अंगातले पहारेकरी, त्यांचीही मोठी फौज आतड्यापाशीच असते. वस्ती बिघडली की पहारेकरी चिडलेले राहतात, आणि ती धग पोटातून डोक्यापर्यंत पोचत असावी, असा शोध चालू आहे. अजून पक्कं नाही, त्यावर औषध नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. वैनीनं 'पक्कं नाही' तेवढं नागपुरात ठेवलं आणि बाकीचं गाडीत घालून मावल्याला आणलं.

"पोटात गाव वसलं हाये व माय," ती बायांना सांगते. "चांगले लोक हायेत, उपद्रवी बी हायेत. चौकीदार खवळला म्हणजे तो चोर-साव पाहत नाही, घरच्यायलेच झोडपते. अन् बोंब जाते वरच्या मजल्यावर." असं म्हणून ती डोक्यावर टिचकी मारते, कधी स्वतःच्या, कधी समोरच्या.

गावात चांगले लोक वाढवायचे तर दही पाहिजे, हे तिनं ठरवलं. आणि विरजण नेलं माझ्याकडून.

इथे मला जरा थांबून लिहावं लागेल. ते विरजण माझ्या आईचं होतं. लग्नात आईनं सोनं दिलं नाही, नव्हतंच. पैनगंगेपलीकडच्या माहेरून निघताना तिनं मातीच्या बोळक्यात दही दिलं, फडक्यानं तोंड बांधून. बैलगाडीत मी ते मांडीवर धरून आले. आई गेली, पण रोजच्या रोज लावत आलेलं ते दही माझ्या घरात होतं. गल्लीतल्या बाया माझ्याकडूनच विरजण नेत. दिवा लागायच्या आत, कारण दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, असं आई मानायची. तेवढाच माझा मान होता. न बोलता मिळणारा.

वैनीनं एक चमचा नेला आणि वर्षभरात गल्ली म्हणायला लागली, 'वैनीचं दही'. तिच्या ओट्यावर गाडग्यांची रांग. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत, घरी दोन शब्द बोलत नाहीत. तेही एकदा जेवताना म्हणाले, "वैनीच्या दह्याले चव हाये." मी ताट उचललं. त्यांचं जेवण व्हायचं होतं.

वैनीचा दह्यावर इतका विश्वास की दादांची गोळीसुद्धा ती दह्यात कुस्करून द्यायची. वर दह्याचीच वाटी. "गोळी एकटी जाते म्हणून घाबरते," म्हणायची, "संग चांगले लोक पाहिजेत." बायांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण दादा दुपारचे उंबऱ्यात थिजायला लागले. एक पाय आत, एक बाहेर, आणि पुढचा उचलेचना. वैनीनं दही वाढवलं. ते आणखी थिजले.

परत नागपूर. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशासोबत देता? वैनीनं मोठ्या दिमाखात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दूध, दही, डाळ यांच्यासोबत ही गोळी अंगी नीट लागत नाही. जेवणाच्या आधी, नुसत्या पाण्यासोबत द्या. दही वाईट नाही, पण नंतर.

वैनी आली ती गप्प. दुसऱ्या दिवशी ओट्यावरची गाडगी पालथी. दादा चालायला लागले, पण वैनी बसली. किराणावाल्यानं सवयीनं हात वर केला, "अयिंदी अक्का!" तिनं साखर घेतली आणि निघून आली. गुरुजी आता सरळ गल्लीतून जायला लागले, आणि त्यांनाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मला आनंद झाला. तो फार टिकला नाही.

त्याच सुमारास, उन्हाळ्यात, मी बहिणीकडे लग्नाला गेले. यांना रोज दही लावायला सांगून गेले होते. परत आले तर बोळक्यात बुरशी आणि मुंग्या. मी बोळकं घेऊन चुलीपाशी बसून राहिले. आईचं दही आता जगात कुठे उरलं असेल तर वैनीच्या घरी. आणि तिथे गाडगी पालथी.

तिच्याकडे मागायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. माझंच, आणि मी हात पसरायचा! पण ते तिथेही संपलं असेल, या भीतीनं शेवटी गेले. दारात, दादांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. उभ्या उभ्या सांज झाली.

"काऊन व, खांबासारखी उभी?" वैनी आतून म्हणाली. झालं का, असं तिनं विचारलं नाही.

"विरजण," मी म्हणाले. "आईचं मेलं माझ्याकडं."

तिनं मला आत बोलावलं. फळीवर कोपऱ्यात एकच गाडगं सरळ होतं. "हे टाकवलं नाही," ती म्हणाली. "रोज लावतो, रोज मांजरीले घालतो. त्यायले द्याची भीती वाटते मले." दादांकडे तिनं पाहिलं नाही.

"डॉक्टर तर नंतर द्या म्हणाले ना."

"म्हणाले." ती गाडग्यावरचं फडकं नीट करत बसली. "तुले सांगू? त्यायचा हात हालाच्या कितीतरी आधीपासून त्यायचं पोट साफ होत नव्हतं. वासही येत नव्हता, चहा करपला तरी. डॉक्टरनं इचारलं, तवा आठवलं. इतक्या वर्षांत मी कधी इचारलंच नाही. हॉटेल, गिऱ्हाईक, उधारी, सगळं इचारलं. हे नाही. डॉक्टर म्हणे, इचारून बी हे टळलं नसतं, लोकायचं पोट असंच राह्यते, सगळ्यायले थोडीच कंपवात होते. पण मले वाटते, एखाद्याले कोणी इचारलंच नसंल तर? म्हणून इचारत होती. सारी गल्ली हासे, हासू दे. आन् मी शहाणी, मीच त्यायले उंबऱ्यात गाडून ठेवलं."

मला सांत्वन करता येत नाही. कधीच आलं नाही. तोंडातून भलतंच निघालं.

"अन् तुमचं, वैनी? तुमचं झालं का आज?"

तिनं पदर तोंडाला लावला. "नाही व माय," ती म्हणाली, "लय दिवसापासून नाही. मले कोण इचारते?"

खुर्चीकडून आवाज आला, बारीक, वाऱ्यानं नेला असता इतका. "मी... इचारत होतो. तुले... ऐकूच येत नव्हतं."

दादांच्या चेहऱ्यावर आता हसू उमटत नाही. पण खांदे हलत होते, आणि ते थरथरणं वेगळं होतं.

वैनी रडली की हसली, मला सांगता येणार नाही. नाक पुसून तिनं वाटी घेतली, मग थांबली. घरोघर दिवे लागले होते. दिव्याच्या रीतीला ती नेहमी हसायची, किटाणूले काय समजते दिवा, म्हणायची. तिनं वाटी खाली ठेवली.

"तुही आई दिवा मानत होती ना? सकाळी ये."

सकाळी मी जायच्या आधीच ती आली. केळीच्या पानानं झाकलेली काठोकाठ वाटी.

"एक चमचा नेला होता तुह्या घरून," ती म्हणाली. "मोजून घे."

मी बोट बुडवून चाटलं. आईचंच होतं. घट्ट मात्र जरा जास्त लागलं होतं, माझं इतकं कधी लागलं नाही, आणि ते मला अजूनही सलतं. पण उसनं पुरं फिटलं, हे लिहून ठेवते.