मास्तरांचा सिद्धांत आणि चंद्रीचा पान्हा

या, जरा पुढे सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. कळसाडी गावची एक गोष्ट सांगतो, एका म्हशीनं विज्ञानाच्या मास्तरांना गायला लावलं त्याची.

हेमकांत मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. गावच्या सप्ताहात भटूबुवा कीर्तनात म्हणाले की आईची माया हे देवाचंच रूप. झालं. कीर्तन संपताच मास्तर उभे राहिले. ज्या माद्यांना पिलांची ओढ नव्हती त्यांची पिलं मेली, ज्यांना होती त्यांची जगली. लाखो वर्षं हेच चालत आलं आणि उरली ती माया. बाकी सगळा वासाचा आणि आवाजाचा खेळ, देव मध्ये कुठे येतच नाही, असं त्यांनी बुवांना समजावलं. बुवा हसून लोकांच्या कपाळी बुक्का लावत राहिले. बायकांमध्ये बसलेल्या मीनाबाई, म्हणजे मास्तरांची मंडळी, मात्र हसल्या नाहीत.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. शहाद्याला, लेक कामिनीकडे.

"माया म्हंजे नुसता वास शे ना, कामिनीना पप्पा? मंग तीन दिन चंद्रीनं दूध तुम्हीच काढा. काल्यानी खीरनं बी."

काल्याच्या खिरीला चंद्रीचं दूध देण्याचा शब्द मीनाबाईंनीच देवळात दिलेला. तो मोडला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, आणि चंद्री म्हैस तर त्यांच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे.

पहिल्या सकाळी चंद्रीनं बादली उडवली. संध्याकाळी मास्तरांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोकं चालवलं. वास हवा ना? मोरीत धुवायला पडलेली मीनाबाईंची हिरवी साडी त्यांनी कशीबशी गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि गोठ्यात बसले. चंद्रीनं साडी हुंगली, शांत उभी राहिली, पण पान्हा सोडीना. सिद्धांत अर्धा जमला होता. राहिला आवाज. मीनाबाई धार काढताना विठ्ठलाचं नाव गुणगुणत. मास्तरांनी गोठ्याचं दार लोटून घेतलं आणि घसा खाकरला.

पहिल्या दोन 'विठ्ठल'ला चंद्रीनं कान मागे टाकले. दहाव्याला बादलीत धार वाजली. मास्तर थांबले की धार थांबे, म्हणून ते थांबेनात.

काल्याच्या सकाळी आवाज इतका चढला की दूध न्यायला आलेल्या भटूबुवांनी आणि शेजारच्या सुकलालनं सरळ दार ढकललं. हिरवी साडी, डोक्यावर पदर, मिटलेले डोळे. बादली काठोकाठ, फेस खाली सांडतोय, मास्तरांचे हात केव्हाचे थांबलेले, आणि नाम चालूच. सुकलालनं मोबाईल काढला. बुवांनी त्याचा हात खाली केला.

मास्तर भानावर आले आणि घाईघाईनं म्हणाले की बघा बुवा, वास आणि आवाज, दुसरं काही नाही, सिद्ध झालं.

"म्हैस फसनी, कबूल," बुवा म्हणाले. "पन बादली तं भराई गयी, मास्तर. आते तुम्ही कोनासाठे नाम गाई ऱ्हायनात?"

मास्तरांनी नुसता पदर सावरला.

खीर गावभर पुरली. संध्याकाळच्या एसटीनं मीनाबाई आल्या. हिरवी साडी त्यांना मास्तरांच्या उशाशी सापडली, नीट घडी घातलेली.

"हाई धुवाले टाकस मी."

"ऱ्हाऊ दे. वास जाई."

"आते मी घर उनू ना. चंद्रीले काय करना शे वास?"

मास्तरांकडे लाखो वर्षांचं उत्तर तयार होतं. त्यांनी साडी उचलून पुन्हा उशाशी ठेवली.

तेव्हा मंडळी, उद्या टाळ हाती घ्याल तेव्हा चंद्रीची आठवण असू द्या. बेसुऱ्या माणसालाही तिनं दूध दिलं.