कोरडोबाचा केसपेपर

आमच्या साखरा गावात माझ्याएवढा शूर माणूस न्हाई, हे म्या छाती ठोकून सांगतो. आतापर्यंत अकरा डाव मेलो, अन् त्यातले नऊ डाव पळताना मेलो.

मारणारा एकच. किसनआप्पा. जनावराच्या दवाखान्यात पट्टी बांधायचं, औषध पाजायचं अन् बैलाचे पाय धरायचं काम करून रिटायर झालेला माणूस. असा माणूस रिटायर झाल्यावर पारावर बसते, न्हाई तर सुनेच्या चुका काढते. आप्पा राक्षस बनवते. एकच राक्षस. तीन वर्षं झाली, अजून बनवूनच राहिला होता.

हे याड गावात आणलं त्याच्या पुतण्यानं. पोरगं पुण्यात कंप्युटरवर काम करते. कोरोनात घरी येऊन बसलं तवा त्यानं आप्पाले हा खेळ शिकवला. पट न्हाई, पत्ते न्हाई. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यायनं त्या गोष्टीतले शूरवीर व्हायाचं. आप्पा म्हणते, "तुमी डोंगराच्या पायथ्याशी आले. समोर लोखंडी दार हाय. काय करता?" आपण म्हणायचं, दार तोडतो. मंग वीस तोंडाचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर दार तुटते, बारका आला तर आपण. माझा आकडा कायम बारका. एक डाव तर फासा बाजंखाली गेला. काढाले वाकलो तर कंबर धरली, अन् आप्पानं तिकडं गोष्टीतही माझी कंबर मोडली. म्हणे, बराबर हाय.

पुतण्या गेला पुण्याला, फासा राहिला आप्पाकडं. दर रविवारी दुपारी आमी तिघं जायाचो. मी, म्हंजे मारोती, मेंढरंवाला. शाळेत मी एवढाच गेलो की बकरी आत घुसली होती, ती काढाले. दुसरा बाबूभाई, पंक्चरवाला. तिसरा दिगंबर, किराणा दुकानवाला. आमच्यात शिकलेला तोच, म्हणून आमचा सेनापतीही तोच.

तर राक्षस. आप्पानं पयले जो बनवला त्याले दहा हात होते, तोंडातून जाळ, उंची टाकीएवढी. म्या म्हणलं, "आप्पा, जबर हाय!" आप्पानं कागद फाडून टाकला.

"नुसता धिप्पाड हाय," म्हणे. "ह्याचं काहीच दुखून न्हाई राहिलं."

"राक्षसाचं काहून दुखावं?"

"मारत्या, बैल लात काहून मारते?"

"ताकत असते म्हणून."

"न्हाई रे बाबा. तीस वर्षं खाल्ल्या म्या लाता. आपला हात दुखऱ्या जागी लागला की मारते. ज्याचं काही दुखत न्हाई, ते जनावर नुसतं पाहून घेते तुझ्याकडं. आधी दुखणं, मंग ताकत."

हे त्याचं नेहमीचं. आधी दुखणं, मंग ताकत. कोणी राजकारणावर बोललं तरी हेच, कोणाच्या सासूवर बोललं तरी हेच.

मंग त्यानं दवाखान्यातल्यासारखा केसपेपरच आखला. वर नाव. खाली वय, दात, चाल, आवाज, चारा-पाणी, दुखणं. नावावरच दोन महिने गेले. पयले 'अंधारराजा' ठेवलं. बाबूभाई म्हणे, "आप्पा, ये तो लाइनमन लगरा." ते खोडलं. शेवटी ठेवलं 'कोरडोबा'. त्याची सावली पडली की हीर आटते, गायीचं दूध जाते, माणसाच्या तोंडातली थुंकीसुद्धा वाळते. उन्हाळ्यात आमच्या अंगावर काटा आला. आमाले ते राक्षसाचं वाटेनाच, पेपरातली बातमी वाटली.

चाल त्यानं गावातूनच उचलली. कोणी वेगळं चालताना दिसलं की आप्पा मागं मागं. पोलीस पाटील एक दिवस वळून म्हणले, "किसनराव, काही काम हाय का?" आप्पा म्हणे, "न्हाई, तुमचा डावा पाय पाहून राहिलो." आवाजासाठी तो वावरात जाऊन एकटाच हसायचा. शेजारच्या म्हशीनं दोन दिवस पान्हा सोडला न्हाई. तिची मालकीण भांडाले आली, तर आप्पा खूश. म्हणे, "म्हंजे जमलं."

अन् एकेकाले गाठून विचारायचा, "तुले सगळ्यात जास्ती भेव काहाचं?" बाबूभाईनं सांगितलं, सापाचं. दिगंबर म्हणे, उंदराचं, दुकानामुळं. म्या मिशीवर हात फिरवून सांगितलं, "मारोतीले कशाचंच भेव न्हाई." आप्पा हसला. पुढच्या रविवारी आमी कोरडोबाच्या किल्ल्यात शिरलो. साप आले, बाबूभाई गार. उंदरं आले, दिगंबर गार. मंग माझ्यासमोरचं दार उघडलं, अन् आतून बाईचा आवाज आला, "कुठं होते इतका वेळ?" माझ्या हातातून फासा आपोआप पडला. एक आला. तो माझा सातवा मृत्यू.

असे आमी तीन वर्षं मरून राहिलो. बाण मारले, मंतर मारले, किल्ला पेटवला, नदी वळवून त्याच्यावर सोडली. ती नदीच आटली. कोरडोबा ढळला न्हाई. आमी दमलो की आप्पा चहा ठेवायचा. पिऊन आमी आपापल्या घरी. बायको वारल्यापासून आप्पा घरात एकटाच. पोरगी नांदेडले दिलेली. चहा मातर फक्कड करायचा, आलं ठेचून.

यंदा सोयाबीन काढाले आलं अन् दिगंबरचं डोकं फिरलं. "आप्पा, आता पुरे झालं. गावातले लोकं हासून राहिले. दुकान बंद ठेवून मी राक्षसामागं पळतो म्हणते बायको. येत्या रविवारी त्याले मारलं तर मारलं, न्हाई तर खेळ बंद. आमी काही येत न्हाई."

आप्पानं केसपेपरची घडी केली, उलगडली, परत केली. म्हणे, "बरं." त्या दिवशी चहात साखर टाकायची राहिली. आमी तसाच पेलो.

तो रविवार आला. दिगंबरनं वहीत लढाई आखून आणली होती. डावीकडून बाबूभाई, उजवीकडून तो, अन् मधातून मी, कारण मधातला पयले मरते. मी त्या दिवशी भाकर न खाताच आलो होतो. घरी मेंढराच्या औषधावरून वाजलं होतं, अन् मी रागानं ताटावरून उठलो होतो. राग आप्पाच्या दारापर्यंत टिकला. पुढं नुसती भूक.

आप्पा सांगून राहिला, "तुमी डोंगराच्या माथ्यावर आले. ऊन लई. एका खडकाच्या सावलीत बसले. भाकरी सोडल्या. ठेचा हाय, कांदा हाय." माझ्या तोंडाले पाणी सुटलं. "पयला घास मोडला, अन् समोर सावली पडली. वर पाहता तर कोरडोबा. एकटाच. उभा हाय. काय करता?"

दिगंबर ओरडला, "बाण!"

बाबूभाई म्हणे, "मंतर! आग का!"

"मारत्या, तू?"

आता तुमाले आमच्याकडची रीत सांगतो. वावरात भाकर सोडलेली असली अन् समोरून माणूस आला, तर तोंडातून निघतेच. मंग तो तलाठी असो, न्हाई तर कोर्टात बांधाची केस चाललेला भाऊबंद असो. तोही म्हणते, चालू द्या, अन् निघून जाते. ह्यात इचार नसतो. शिंक आल्यासारखं हाय ते. अन् माझं ध्यान कोरडोबाकडं नव्हतंच, ठेच्याकडं होतं. म्या म्हणून बसलो, "या, जेवाले."

दिगंबरनं वही कपाळावर मारून घेतली. "अरे याड्या! तो राक्षस हाय! तुझा मेव्हणा हाय का?"

"चुकून गेलं. आप्पा, फासा टाकू?"

आप्पानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मंग म्हणे, "फासा लागत न्हाई."

"मेलो का मी?"

"कोरडोबा विचारून राहिला," आप्पा म्हणे. म्हशीले भेवाडणारा आवाज त्यानं काढलाच न्हाई, साधा आपला त्याचाच आवाज होता. "म्हणून राहिला, बसू का?"

मी तरी काय म्हणणार. म्हणलं, "बसा की. हात धुवा."

"पाणी कुठंय? त्याच्या सावलीनं आटते सारं."

"माझ्या बाटलीत असंल थोडं. घ्या."

आप्पा हळूहळू सांगत गेला. कोरडोबा बसला. त्यानं हात धुतले, पाणी आटलं न्हाई. म्या त्याले अर्धी भाकर दिली, कांदा बुक्कीनं फोडला. त्यानं खाल्लं. खाली गावात एका हिरीले पाझर फुटला. मंग दुसरीले. दिगंबर बाण ताणून तसाच बसलेला, कारण त्याले काय करावं हे वहीत लिहिलेलं नव्हतं.

बाबूभाईनं विचारलं, "मतलब मर गया क्या?"

"न्हाई," आप्पा म्हणे. "जेवून राहिला."

मंग त्यानं केसपेपर आमच्या समोर ठेवला. मले काय वाचता येते? दिगंबरनं वाचून दाखवलं. दुखण्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'एकटा असल्यामुळं चारा घेत न्हाई. कोणी सोबत घेऊन बसलं तर बरा होईल.'

"एवढंच?" दिगंबरले राग आला. "तीन वर्षं आमी नद्या वळवून राहिलो, अन् एवढंच?"

"मोठं दुखणं हाय ते," आप्पा म्हणे. "दवाखान्यात लोकं म्हैस घेऊन यायचे, चारा तोडत न्हाई म्हणून. डॉक्टर जीभ पाहायचे, ताप पाहायचे. मी नुसतं विचारायचो, जोडीचं जनावर विकलं का? लोकं म्हणायचे, तुमाले कसं कळलं?"

दिगंबरनं वही मिटली. म्हणे, "म्हंजे संपला खेळ."

"संपला," आप्पा म्हणे. "जिंकले तुमी. चहा ठेवतो."

चहा पेलो. मी कप ठेवाले आत गेलो तर टोपल्यात सकाळची भाकर तशीच झाकलेली. म्या म्हणलं, म्हातारपणात भूक मरते माणसाची. आप्पा दारापर्यंत आला सोडाले, अन् फासा माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडं," म्हणे. "माझं आता काय काम त्याच्याशी."

मी मातर गल्लीतून अशा ऐटीत निघालो की पोलीस पाटलानं माझी चाल पाहावी. घरी गेलो, बायकोसमोर फासा ठेवला, अन् सारं साग्रसंगीत सांगितलं. सेनापती हारला, मंतरवाला हारला, अन् तुझ्या ह्या अडाणी नवऱ्यानं तीन वर्षांचा राक्षस अर्ध्या भाकरीत जिंकला. दुसऱ्याचं दुखणं वळखाले डोकं लागते, असंही वरून म्हणलं.

ती भाकर थापून राहिली होती. तिनं फाशाकडं पायलंसुद्धा न्हाई.

"मोठे आले वळखणारे," ती म्हणे. "कागदावरच्या राक्षसाले जेवू घातलं म्हणून बोंबलून राहिले. त्या म्हाताऱ्याचा तीन वर्षं चहा ढोसला तुमी. त्याले एक डाव तरी म्हणले का, चाला घरी जेवाले?"