सगळ्यांच्या पाठी शैलजाताई

शैलजाताई रागावल्या की बारवर पाय ठेवतात. म्हणजे असं, की जिममधल्या त्या लोखंडी दांड्याच्या दोन्ही टोकांना वजनं लावून तुम्ही तो जमिनीवरून उचलायला वाकता, तुमची पाठ त्यांच्या मनासारखी सरळ नसते, आणि कुठूनतरी एक निळा कॅनव्हासचा बूट येऊन त्या दांड्यावर स्थिरावतो. वर बघावं तर सलवार-कुर्ता, पांढरा बॉबकट आणि जाड काचांचा चष्मा. वय त्रेसष्ट. "उठा," त्या म्हणतात. "वजन राहू दे, आधी तुम्ही उठा."

आमची सोसायटी गुरुग्राममधली. बावीस मजली सहा टॉवर आणि सगळ्यांत मिळून तळमजल्यावर एक जिम. दिवाळीनंतर बाहेरची हवा पिवळट झाली की बागेत चालणारे, पळणारे, नुसतेच हात हलवणारे सगळे जिममध्ये घुसतात. त्यामुळे शैलजाताईंच्या भांडणांचा हंगाम दिवाळी ते होळी.

त्या सरकारी नोकरीत सेक्शन ऑफिसर होत्या. एकतीस वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढली. यजमान लवकर गेले, मुलगा कॅनडात. त्याने घेऊन ठेवलेल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निवृत्तीनंतर त्या एकट्या राहायला आल्या. नोकरी सुटली, पण नोकरीतली भाषा सुटली नाही. जिमच्या फळ्यावर त्यांच्या अक्षरात सूचना लागतात: 'देखने में आया है कि कुछ सदस्य स्क्वॉट में आधे रास्ते से लौट आते हैं. यह खेदजनक है.' खाली सही आणि तारीख. मला तर एकदा लेखी विचारणा आली होती, खास मराठीत: 'आपले गुडघे आत का वळतात, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' मी केला नाही. चौथ्या दिवशी स्मरणपत्र आलं.

व्यायाम त्यांच्या लेखी तीनच. बसून उठायचं तो स्क्वॉट, जमिनीवरचं उचलायचं तो डेडलिफ्ट, हातातलं डोक्यावर न्यायचं तो प्रेस. "माणसाला याच्यापुढे काय लागतं?" त्या विचारतात. "बसल्यावर उठता आलं, फळीवरचा डबा काढता आला, झालं." आरशासमोर दंड फुगवणाऱ्यांकडे त्या बघतही नाहीत. "तेवढा व्यायाम माझा मटार सोलताना होतो."

आमचा ट्रेनर मनजीत रोहतकचा. छाती दरवाजाएवढी, स्वभाव गरीब. त्याच्यावर त्यांचा विशेष राग.

"मनजीत, इनकी कमर देख रहे हो?"

"आंटीजी, थोड़ी-बहुत तो झुकती ही है."

"थोड़ी-बहुत? कल को थोड़ी-बहुत टूटेगी, तब क्या बोलोगे? और मैं किसी की आंटी नहीं हूं."

मनजीत तेवढ्यापुरता पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहतो.

मला या बाईंचा दीड वर्षं मनापासून राग होता. आणि राग असूनही एक गोष्ट मला कबूल करावी लागायची. त्या स्वतः उचलायला लागल्या की जिममधली बडबड थांबायची. साठ किलो. दांडा नडग्यांना टेकलेला, टाचा रोवलेल्या, पोटात श्वास भरून धरलेला, हात दोरीसारखे सैल. मग काहीही न झाल्यासारखं वजन वर यायचं. पाठीची रेघ सुरुवातीला जशी, तशीच शेवटी. खाली ठेवतानाही तशीच. "आपटायचं नाही," त्या मशीनवरच्या टीव्हीकडे बघत बसलेल्यांना उद्देशून म्हणायच्या. "उचलणं अर्धंच काम असतं."

तर माझे शंभर किलो. चार महिने मी त्यासाठी झटत होतो. पुण्यात असताना कॉलेजात जे जमलं नाही ते एकेचाळिसाव्या वर्षी करून दाखवायचं होतं. नोएडाहून मेहुणा आला होता, खास व्हिडिओ काढायला. पहिल्यांदा वजन वर आलं. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा वाकलो आणि निळा बूट आला. व्हिडिओत सगळं नीट ऐकू येतं. "शिरोळे, पाठ बघा तुमची. मांजर रागावल्यावर अशी दिसते." त्यानंतर मेहुण्याचं हसणं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सासरच्या ग्रुपवर, आणि सातारच्या आत्तेसासूबाईंनी त्यावर मांजराचं चित्र टाकलं होतं.

तक्रार मी स्वतः लिहिली. अकरा सह्या जमवल्या. कष्ट पडले नाहीत, लोक वाटच बघत होते. सोसायटीच्या समितीची बैठक भरली. सचिव चावलासाहेबांनी तक्रार वाचून दाखवली. शैलजाताईंनी ती मागून घेतली, चष्मा वर करून पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, "मुद्दा क्रमांक तीन में तारीख नहीं है. और 'मानसिक उत्पीड़न' में 'त्पी' गलत लिखा है." मग माझ्याकडे वळून मराठीत, "पाठीसारखंच."

शैलजाताईंना महिनाभर जिमबंदी झाली. तो ठराव एक आठवडाही टिकला नाही, कारण तक्रारदारानेच तक्रार मागे घेतली. तक्रारदार मीच. तसं का केलं, ते सांगायलाच हे लिहितोय.

बंदीचं पत्र पोचवायचं काम चावलासाहेबांनी माझ्यावर टाकलं. "आप दोनों मराठी हो, आराम से समझा देना." मला समजावायचं नव्हतं, मला त्यांचा चेहरा बघायचा होता. रविवारी सकाळी अकराला सातव्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता आणि मी दारावरचा नंबर पुन्हा पाहिला, कारण तो आवाज त्यांचा वाटेना.

"एड़ी पर, रामसेवक. जल्दी किसको है? सांस भरो. दर्द हुआ तो वहीं रुक जाना."

डायनिंग टेबलावर स्टीलच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला होता. पडद्यावर एक अंगण, आणि बनियन-लुंगीतला पन्नाशीचा वाळका माणूस. मला पाहून शैलजाताईंनी त्याला सांगितलं, "जाओ, पानी भरवाओ. आधी बाल्टी. आधी से ज्यादा नहीं. खुद मत उठाना, बहू से रखवाना." तो पडद्यावरून गेला. त्यांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. त्यांनी वाचलं, खाली 'पाहिले. मान्य नाही' असं लिहिलं, सही केली आणि परत दिलं.

खरं तर मी निघायला हवं होतं. पण मी विचारलं, "हे कोण?"

"आपल्या गेटवर गार्ड होता. तुम्ही यायच्या आधी."

त्या पुढचं सांगत होत्या तेव्हा माझ्याकडे बघत नव्हत्या, रिकाम्या अंगणाकडे बघत होत्या. तीन वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या. मोडलं काही नाही, पण उठता येईना. तेव्हा वजन चौऱ्याऐंशी. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत फरशीवर. शेवटी कामवाली आपल्याकडच्या किल्लीने आत आली आणि तिने गार्डना बोलावलं. दोघं आले. एक जण बाईमाणसाला हात कसा लावायचा म्हणून दारातच थांबला. रामसेवकने एकट्याने उचललं.

"पाय ताठ ठेवून वाकला आणि काखेत हात घालून ओढलं मला. असा वाकला होता." त्यांनी हाताने कमान करून दाखवली. "काहीतरी कट् वाजलं. मला वाटलं, माझं हाड मोडलं. त्याने मला पलंगावर नेऊन ठेवलं, पाणी दिलं, पंखा लावला. विचारलं, मॅडम, बेटे को फोन लगा दूं? आणि गेला. तिसऱ्या दिवशी त्याला खाटेवरून उठता येईना."

"मग?"

"मग काय. मला कळलं पंधरा दिवसांनी, गेटवर नवा माणूस दिसला तेव्हा. मी एजन्सीच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणतो, मॅडम, दूसरा भेज दिया है ना. बल्ब बदलल्यासारखं. समितीकडे आले, तर हेच तुमचे चावला. म्हणे, वो सोसायटी का कर्मचारी नहीं था." आता आवाज नेहमीचा झाला होता. "मला उचलताना एका माणसाची पाठ गेली, शिरोळे. चौऱ्याऐंशी किलो मी होते. आणि तुम्ही शंभर किलो कशासाठी उचलता? व्हिडिओसाठी. चांगल्या धडधाकट पाठी आणि वाट्टेल तशा वापरता. मला बघवत नाही. संताप होतो."

मी हातातल्या पत्राची घडी घातली.

त्या स्वतः व्यायाम शिकल्या ते पुन्हा कोणाला त्यांना उचलावं लागू नये म्हणून. गावी परतलेल्या रामसेवकचा नंबर मिळवायला चार महिने गेले. पाटण्याचे डॉक्टर काय सांगतात ते विचारून घेऊन दर रविवारी त्या त्याला फोनवर व्यायाम करायला लावतात. आधी नुसतं कुशीवर वळणं. मग खुर्चीतून उठणं. मग चालणं. जमिनीवरून काही उचलायला डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात परवानगी दिली होती. आज पहिला दिवस होता.

पडद्यावर सून बादली ठेवून बाजूला झाली. रामसेवक बादलीपुढे येऊन उभा राहिला.

"मॅडम, उठाएं?"

शैलजाताईंनी फोन उचलून माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मला सांगा फक्त."

"उठाइए," मी त्याला म्हणालो. तो खाली बसला.

"टाचा?"

"टेकल्यात."

"बादली जवळ आहे का पायांच्या?"

"जवळ आहे."

"पाठ?"

मी नीट बघितलं. एवढ्या नीट मी कधी कोणाची पाठ बघितली नव्हती.

"सरळ आहे."

खिडकीची चौकट धरलेला त्यांचा हात तेवढा दिसत होता.

"उचलली," मी म्हणालो. "उभा आहे. ताई, हसतोय तो."

"त्याला म्हणावं, खाली ठेव आता. सावकाश."

मी निरोप दिला. रामसेवक बादली धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम से पूछिए, थोड़ा और पकड़े रहें?"