चोवीस गाड्या आणि अप्पा

किरणकुमारच्या उजव्या पायावर स्टिअरिंग पडलं तेव्हा शनिवारचे अकरा वाजले होते आणि शर्यतीला बरोबर एकोणतीस तास उरले होते.

हे स्टिअरिंग ट्रॅक्टरचं नव्हतं. कॉम्प्युटरला जोडायचं होतं. पण आत मोटर असल्यामुळे वजनाला ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला हार जाणारं नव्हतं. घरातल्या टीपॉयवर ते बसेना, कॉटच्या पट्टीला धरेना, म्हणून किरणकुमारने बायकोचं शिलाई मशीन रिकामं केलं, त्याचं डोकं खाली घातलं आणि फळीला स्टिअरिंगचा शिकंजा आवळला. मग तिथेच उभं राहून कौतुकाने बघितलं. शिकंजा सुटला तो तेवढ्यात.

"मशीनला हात लावू नका म्हणलं होतं," सौम्या म्हणाली. नवऱ्याचा अंगठा वांग्याएवढा झालेला तिला नंतर दिसला. त्याआधी तिने मशीनची फळी तपासली.

बसवकल्याणात मोटारपंपाचं दुकान चालवणारा हा तेहतीस वर्षांचा माणूस गेली अडीच वर्षं एका गाड्यांच्या खेळाची वाट बघत होता. साधा खेळ नव्हे. खेळ काढणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की यात गाडी खऱ्यासारखी चालते, टायर खऱ्यासारखे झिजतात, पाऊस खऱ्यासारखा पडतो आणि गाडी आपटली की खऱ्यासारखी मोडते. तारीख तीनदा जाहीर झाली होती आणि तीनदा पुढे गेली होती. त्यामुळे किरणकुमारच्या मनात जेवढी आशा होती तेवढ्याच शंका होत्या, आणि त्या सगळ्या तो रोज संध्याकाळी कलबुर्गीच्या रविकुमारला फोनवर सांगायचा. रविकुमारलाही हाच आजार होता.

"रव्या, पावसाचं मला खरं वाटत न्हाई. नुसतं काचेवर थेंब दाखवतेत बग."

"आन टायर? गरम झाल्यावर पकड धरतेत म्हणायलेत."

"टायर गरम झालं की फुटतंय," पलीकडच्या खुर्चीतून अप्पा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे.

अप्पा म्हणजे शिवशंकरप्पा, किरणकुमारचे वडील. सरकारी बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर. निवृत्त झाल्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांनी कुठल्याच गाडीला हात लावला नव्हता. मुलाने दुकानाचा छोटा टेम्पो पुढे केला तरी म्हणायचे, "झालं आता आमचं." सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी पुन्हा तोच पेपर. शिवम्माला, त्यांच्या बायकोला, याचा घोर लागला होता. नवरा बसवर असताना ती त्याच्या वेळेवर येण्याची काळजी करायची. आता तो सारखाच वेळेवर असायचा, आणि तिला ही नवी काळजी जास्त जड जात होती.

आणि अशात कंपनीचं पत्र आलं. देशभरातून चोवीस जणांना खेळ बाजारात येण्याआधी चाचणीची एक शर्यत खेळायला मिळणार होती, आणि त्या चोवीसांत किरणकुमार होता. रविवारी दुपारी चार वाजता. दहा फेऱ्या. जो गाडी सुरू करणार नाही त्याचं नाव कायमचं कमी.

डॉक्टरांनी अंगठा बघितला. "हाड शाबूत हाय. आठवडाभर पाय टेकायचा न्हाई."

"दाबायचा तरी?"

"काय दाबायचा?"

"ॲक्सिलेटर."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'टेकायचा नाही' याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

रविवारी सकाळी किरणकुमारने एका जुन्या खेळावर डाव्या पायाने चालवून बघितलं. डावा पाय आयुष्यभर क्लच दाबत आलेला. त्याला फक्त एकदम तळापर्यंत दाबणं माहीत होतं. गाडी सात वेळा एकाच भिंतीवर गेली. मग सौम्याला बसवलं. ती रोज स्कूटी चालवायची. पहिल्याच वळणावर तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंगची कड आवळली.

"ब्रेक लाव, ब्रेक!"

"लावलाय की! लागंना!"

"ब्रेक पायात हाय!"

"मग आधी सांगावं मानसानं," ती उठत म्हणाली. "मला उमादेवी अक्काचा ब्लाउज आज द्यायचाय. तुमची शर्यत कवा संपती आन माझं मशीन कवा मोकळं हुतंय तेवढं बोला."

शेवटी रविकुमारला साकडं घातलं. तो बाराच्या बसने निघाला. चाराला सात मिनिटं असताना त्याचा फोन आला.

"किऱ्या, मुडबीच्या अलीकडं कडब्याचा ट्रक आडवा झालाय. गाड्या तासभर हलंनात."

"मग चालत ये!"

"तीस किलोमीटर?"

किरणकुमारने फोन ठेवला तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती. उमादेवी अक्का ब्लाउज न्यायला येऊन कॉटवर बसली होती. तिला चहा आणि 'झालंच बगा' हे आश्वासन एकदमच मिळालं. पडद्यावर चोवीस गाड्या पावसात ओळीने उभ्या राहिल्या. किरणकुमारने एका पायावर उभं राहून बटण दाबलं, गाडी सुरू केली. नाव तरी कमी व्हायला नको, एवढाच हेतू. खोलीभर इंजिनाची घरघर पसरली. समोरची खुर्ची रिकामी होती.

पेपर खाली आला.

"गाडी चालू हाय," अप्पा म्हणाले.

"व्हय अप्पा."

"आन शिटावर कोण न्हाई."

"कोण बसणार? माझा पाय असा..."

"चालू गाडी सोडून ड्रायव्हर उतरत नसतो," अप्पा म्हणाले, आणि उठले. "आमच्याकडं मेमो देत होते त्याला. बाजूला हो. कडंला लावतो आन बंद करतो."

ते खुर्चीत बसले. पाय पेडलवर गेले, हात स्टिअरिंगवर. वरच्या बाजूला न बघताच त्यांनी एक आरसा नीट केला. तिथे आरसा नव्हता. तेवढ्यात दिवा हिरवा झाला.

"अप्पा, चला! चला!"

"गिअर कुटंय?"

"स्टिअरिंगच्या मागं. उजवी पट्टी वर चढवाय, डावी उतरवाय."

"हातात गिअर? हे बरं केलं. गुडघ्याला तरास न्हाई."

तेवीस गाड्या सुसाट सुटल्या. चोविसावी नवी नवरी उंबरा ओलांडते तशी निघाली. किरणकुमारने कपाळावर हात मारून घेतला. पण पहिल्या वळणावर पोचताच कपाळावरचा हात त्याने तोंडावर नेला. पुढे नऊ गाड्या एकमेकींत घुसून पडल्या होत्या, एक उलटी होऊन चाकं फिरवत होती.

अप्पांनी गाडी थांबवली.

"कामून थांबलात?"

"अपघात झालाय. इचारपूस नको?"

"अप्पा, त्यात खरी मान्सं न्हाईत!"

"तरी बी," म्हणत अप्पांनी मोडक्या गाड्यांच्या मधून अलगद वाट काढली आणि जाता जाता उलट्या गाडीकडे बघून मान हलवली. "एकाच फाट्याला सगळ्यांना उतरायचं होतं जणू."

दुसऱ्या फेरीत त्यांनी रस्ता पाठ केला. तिसरीत त्यांचा खांदा जरा सैल झाला. चौथीत गाडीचा आवाज बदलला, आणि किरणकुमारच्या लक्षात आलं की अप्पा आता हळू चालवत नव्हते. वळणाआधी डावी पट्टी दोनदा वाजायची, गाडी खाली बसायची आणि वळणातून गुपचूप निघून जायची. ब्रेकवरचा पाय जवळजवळ जागचा हलत नव्हता. बाकीचे मात्र ब्रेक दाबत होते, घसरत होते आणि बाद होत होते. कोपऱ्यातला उरलेल्या गाड्यांचा आकडा पंधरावरून बारा झाला, बारावरून नऊ.

"अप्पा, तुमाला कसं कळतंय कुटं घसरतंय?"

"पानी साचलं की रस्ता काळा दिसतो. काळं दिसलं की पाय काढायचा." आणि मग स्टिअरिंगवरची बोटं किंचित हलवत ते म्हणाले, "पाऊस खरा हाय रे किरण. टायर तरंगायलंय ते हाताला कळायलंय."

अडीच वर्षं ज्या उत्तरासाठी किरणकुमारने हजार पानं वाचली होती, ते उत्तर हे असं आलं.

शिवम्मा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थबकली. एकतीस वर्षं तिने नवऱ्याची गाडी येताना बघितली होती, जाताना बघितली होती. चालवताना त्याचं तोंड कसं दिसतं ते मात्र तिने कधीच बघितलं नव्हतं.

"अगं," ती हळूच सौम्याला म्हणाली, "ह्ये तर लग्नातल्यावानी दिसायलेत."

आठव्या फेरीत शिकंजा पुन्हा सुटू लागला. स्टिअरिंग डावीकडे कललं, तसे अप्पाही कलले, पण गाडी सरळच ठेवली. "किरण, कायतरी ढिलं झालंय."

किरणकुमारने सुजलेल्या पायासकट स्वतःला मशीनखाली लोटलं आणि पाठीवर पडून दोन्ही हातांनी शिकंजा वर दाबून धरला. स्टिअरिंग जागेवर आलं. पण आता किरणकुमारला पडदा दिसेना. त्याला दिसत होते फक्त अप्पांचे दोन पाय आणि मशीनला चिकटलेला जुना दोरा.

"कोणतरी सांगा! काय चाललंय?"

"गाडी चाललीय," उमादेवी अक्का कॉटवरून म्हणाली.

"किती जण ऱ्हायले?"

"चार लिवलंय. न्हाई, तीन. एकजण आत्ताच शेतात गेला."

"आपण कितवे?"

"तीन म्हणजे शेवटचेच की."

"आन पहिला कुटंय?"

"लाल गाडी. ती लई पुढं हाय बाबा. आपल्याला एक येढा देऊन परत मागनं आली."

एक फेरी पुढे! किरणकुमारने शिकंजा आणखी वर दाबला. तेवढ्यात मागून लाल गाडी दिवे फेकत आली. अप्पांनी उजवा हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली. बाजूला खिडकी नसल्यामुळे तो हात सौम्याच्या कपबशीला लागला.

"अप्पा, साइड कामून देताव?" मशीनखालून हंबरडा आला.

"घाई हाय त्याला. जाऊ दे. पुढं उतार हाय आन खाली पानी हाय."

किरणकुमारने मशीनखालून मान बाहेर काढायची धडपड केली.

"गेला," उमादेवी अक्का म्हणाली.

"कोण?"

"लाल. फिरला, फिरला, फिरला आन भिताडाला बसला. एक चाक आपल्याकडं यायलंय. मामांनी चुकवलं."

"आन तिसरी गाडी?"

"ती कवाच धूर काढत हुबी हाय. आता एक लिवलंय नुसतं."

एक. चोवीसांतून एक. आणि त्या एकाच्या दोन फेऱ्या बाकी होत्या. बाकी तेवीस जण आपापल्या घरी बसून आता हीच गाडी बघत होते. पडद्याच्या कडेला त्यांचे शब्द भराभर उमटत होते आणि सौम्या ते मोठ्याने वाचत होती. आधी हसणारे होते, मग विचारणारे झाले. "हा ब्रेक का लावत नाही?" "कोण आहे हा?" "याच्या वळणाची रेघ बघा!"

"मामा, तुमाला मास्टर म्हणायलेत!"

"बोलू नको पोरी. वळण हाय."

शिवम्माने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. उमादेवी अक्का ब्लाउज विसरून कॉटच्या कडेला आली होती आणि प्रत्येक वळणाला कॉटसकट वळत होती. शेवटचा उतार आला. खाली काळं पाणी लखलखत होतं. डावी पट्टी वाजली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. इंजिन गुरगुरलं, गाडी खाली बसली, पाण्यातून सरळ निघाली आणि रेघ ओलांडून गेली.

खोलीत जो आवाज उठला तो ऐकून शेजारची माणसं भांडण समजून धावत आली. सौम्याने सासऱ्यांच्या पाया पडायचं म्हणून वाकायला आणि मशीनखालून किरणकुमारने बाहेर सरपटायला एकच गाठ पडली. दोघांची डोकी आपटली, दोघेही हसत बसले.

"जिंकलात अप्पा! पहिले आलात!"

"थांब रे," अप्पा म्हणाले. ते अजून चालवतच होते. "गाडी रस्त्यात कशी सोडू? डेपो कुटंय ह्यांचा?"

त्याच संध्याकाळी रविकुमार घामाघूम होऊन पोचला आणि सगळी शर्यत त्याला चार जणांकडून चार वेळा ऐकावी लागली. रात्र व्हायच्या आत किरणकुमारने कंपनीला खरं ते लिहून टाकलं, की गाडी मी चालवली नाही, माझ्या वडिलांनी चालवली. नाव काढणार असाल तर काढा.

नाव काढलं, पण निकालाच्या फलकावरून फक्त किरणकुमारचं. त्या जागी 'शिवशंकरप्पा, बसवकल्याण' असं लागलं. बुधवारी दुपारी कंपनीतून व्हिडिओवर फोन आला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, सुदैवाने दावणगेरेची. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाराशी पंधरावीस माणसं चपला काढून उभी होती.

"सर, तुमचा रेसिंगचा अनुभव किती वर्षांचा?" तिने कन्नडमध्ये विचारलं.

"रेस आपण कधी लावली न्हाई," अप्पाही कन्नडमध्येच म्हणाले. "बसवकल्याण ते कलबुर्गी, जाऊन येऊन."

मुलीने वही जवळ ओढली. "आमच्या खेळात काही कमी वाटलं का?"

किरणकुमारने टायर, ब्रेक, आरसे अशी आपली यादी हळूच अप्पांच्या पुढे सरकवली. अप्पांनी ती बाजूला केली.

"गाडी चांगली हाय, मॅडम. पाऊस चांगला हाय. पण मागं मान्सं न्हाईत. रिकाम्या गाडीला मानूस कसा बी चालवतो. म्हणून ती पोरं आपटली. मागं मान्सं बसवा, बगा कशी नीट चालवतेत."

मुलगी लिहीत होती. लिहिता लिहिता तिने मान वर केली.

"किती माणसं, सर?"

अप्पांनी खुर्चीत पाठ ताठ केली.

"बावन्न बसलेली," ते म्हणाले. "हुबी किती घ्यायची ते कंडक्टर ठरवील."