सगळ्यांत कमी दराचा चार्जर

"साडेतीन तास," उपेंद्र सबनीस म्हणाले आणि हातातला पिटुकला चार्जर त्यांनी जेवणाच्या टेबलावर आपटला. "एवढ्या वेळात माणूस पुण्याला पोचतो."

"विमानानं," त्यांची बायको अलका म्हणाली. "आणि आपटू नका. नवा येईपर्यंत तोच आहे."

राग रविवारपासूनचा होता. बंगळूरला हेब्बाळच्या मैदानावर मुलांच्या रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती. त्यांची नात ईरा पहिल्या फेरीत पहिली आली. मग तिची बॅटरी चार्जिंगला लागली ती लागलीच. फायनल झाली, बक्षिसं वाटली गेली, माणसं पांगली, तरी चार्जरचा लाल दिवा हिरवा होईना. अकरा वर्षांची पोर गाडी मांडीवर घेऊन बसून राहिली. त्यात जिंकलेल्या मैत्रेयीचा बाप, क्षितिज नावाचा आयटीतला पुणेकर, जाता जाता म्हणाला, "काका, फास्ट चार्जर घ्या ना. सिंपल आहे."

छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानांच्या वायरिंगवर सह्या केलेल्या माणसाला ते 'सिंपल' जिव्हारी लागलं. येत्या रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. ईराला फायनलमध्ये उतरवायचंच, असं त्यांनी दात-ओठ खाऊन ठरवलं.

"मग आज शिवाजीनगरला जाऊन आणू या," ईरा म्हणाली.

"असं उठून आणतात का? तीन कोटेशनं लागतात."

सबनीसांच्या घरात मिक्सरसुद्धा तीन कोटेशनं घेऊन आला होता. आधी अटी लिहायच्या. अटींत बसतील त्यांतला सगळ्यांत कमी दराचा घ्यायचा. मग ब्रह्मदेव आला तरी निर्णय बदलायचा नाही.

त्यांनी ईराला बॅटरीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. "नळ कितीही मोठा आणशील, पण बाटलीचं तोंड केवढं ते आधी बघायचं. काय लिहिलंय?"

"पाच अँपिअर. त्याच्या वर नाही."

"आणि हा रडतराऊत एकसुद्धा देत नाही. लिही. अट पहिली, पाच अँपिअर. दुसरी, दोन्ही सेल सारखे भरले पाहिजेत. तिसरी, भरली की आपोआप थांबला पाहिजे."

शिवाजीनगरचा दुकानदार मल्लाप्पा बेळगावकडचा होता, त्यामुळे मराठीत भांडायची सोय होती.

"दर लेटरहेडवर लिहून द्या."

"सर, खेळण्यातल्या गाडीचा चार्जर आहे. रेल्वेचं इंजिन नाही."

"खाली सही आणि शिक्का."

"शिक्का नाही."

"शिक्का नाही तर दुकान कसलं?"

"सर, स्वल्प बाजूला सरता? मागं घेणारी माणसं उभी आहेत."

शेवटी मल्लाप्पानं एका बिलाच्या पाठीवर आकडा खरडून दिला. दुसरं कोटेशन मिळायला बुधवार उजाडला. तिसऱ्यासाठी उपेंद्रराव होसकोटेपर्यंत जाऊन आले आणि वाटेतल्या प्रत्येक सिग्नलवर रागावले. शनिवारी दुपारी तक्ता पुरा झाला. मल्लाप्पाचा चार्जर तिन्ही अटींत बसत होता आणि बाकीच्या दोघांच्या निम्म्या किमतीत होता. संध्याकाळी तो घरी आला.

खोक्यातून चार्जर निघाला. एक लाल चिमटा निघाला, एक काळा निघाला. भिंतीत खुपसायचा प्लग काही निघेना.

उपेंद्ररावांनी फोन लावला. "प्लग कुठाय?"

"तो बारा व्होल्टवर चालतो सर. पॉवर सप्लाय वेगळा घ्यायचा. म्हणून तर स्वस्त."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्या यादीत होतं कुठं? बदलायचा तर सोमवारी या. शटर ओढलंय मी."

उपेंद्ररावांनी मल्लाप्पावर, चार्जर बनवणाऱ्यावर आणि भिंतीतल्या सॉकेटवर तोंडसुख घेतलं. ईरानं जुना चार्जर पिशवीत भरला.

"आपल्या मोटारीच्या बॅटरीत बारा व्होल्टच असतात ना?" अलका भाजी चिरता चिरता म्हणाली. "छत्तीस वर्षं ऐकतेय मी."

रविवारी मैदानाच्या कडेला मोटारीचं बॉनेट उघडून, तिच्या बॅटरीला चार्जरचे चिमटे लावून ते उभे राहिले. पहिली फेरी झाली, सहा जण फायनलला निवडले गेले, त्यांत ईरा होती. फायनल पावणेतीन तासांनी होती आणि ईराची बॅटरी भरायला चाळीस मिनिटं पुरणार होती. उपेंद्रराव आठवड्यात पहिल्यांदाच हसायच्या बेतात होते. तेवढ्यात करंट गेला.

मांडवातले सगळे चार्जर बंद पडले. नऊ वर्षांचा ध्रुव बॅटरी घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "अज्जा, तुमचा चालतो?"

मागोमाग क्षितिज आला. "काका, मैत्रेयीची पण जरा..."

"तुम्हाला देणार नाही," उपेंद्रराव गुरकावले. "पोरीला देईन. रांगेत उभं करा तिला."

पाच पोरांची रांग लागली. प्रत्येकाला अर्धा तास.

"आजोबा, मी कधी?" ईरानं विचारलं.

"घरचं माणूस शेवटी. लोक काय म्हणतील?"

"लोक फायनल खेळतील," ईरा म्हणाली आणि शेवटी जाऊन उभी राहिली.

उपेंद्ररावांनी प्रत्येकाला बॅटरीवरची अक्षरं वाचायला लावली. ज्याला येईना त्याच्यावर ते आधी रागावले, मग शेजारी बसवून त्याला नळ आणि बाटली समजावली. ध्रुवला दोनदा समजावली. ईराचा नंबर आला तेव्हा फायनलला पंधरा मिनिटं उरली होती.

फायनलच्या पाच फेऱ्यांपैकी तीन फेऱ्या ईरा सगळ्यांच्या पुढे होती. मग तिची गाडी म्हाताऱ्यासारखी चालू लागली. मैत्रेयी पहिली, ध्रुव दुसरा, ईरा तिसरी.

"त्या दोघांच्या गाड्यांत असं काय होतं?" उपेंद्रराव कडाडले.

"तुम्ही भरलेला अर्धा अर्धा तास," ईरा म्हणाली.

उपेंद्ररावांनी बॉनेट दाणकन बंद केलं, आत बसून किल्ली फिरवली. गाडीनं नुसतं 'कट्' केलं. पुन्हा फिरवली. तेवढंसुद्धा नाही.

क्षितिज गाडी समोर आणून उतरला, हातात जाड वायरी. "काका, माझ्या बॅटरीवरून स्टार्ट करू या. दोन मिनिटांचं काम आहे."

'नको' म्हणायला उपेंद्ररावांनी तोंड उघडलं, पण ईरानं बॉनेट आधीच वर केलं होतं.

"लाल आधी, काका," ती क्षितिजला सांगत होती. "आणि काळी सगळ्यांत शेवटी. बॅटरीला नाही, इंजिनच्या लोखंडाला."

उपेंद्ररावांनी खाली उतरून चारही चिमटे एकेक करून तपासले. एकही चूक सापडली नाही, म्हणून त्यांचा राग आणखी वाढला.